अजगर व्यालं!

जुलै २०२२ मधील एका शनिवारची संध्याकाळ. बेळगावात दिवसभर पावसाची झड लागली होती. दवाखान्यातील शेवटचे बाळ तपासून मी उठण्याच्या बेतात होतो, तोच फोन वाजला. पलीकडे खानापूर तालुक्यातील एका खेड्यातला माझा जुना रुग्ण होता. जुना म्हणजे एकोणीस वर्षांचा. लहानपणी दम्यासाठी तो माझ्याकडे येत असे. आता त्याची सहा वर्षांची धाकटी बहीण येते. बालरोगतज्ज्ञाला रुग्ण मोठे होऊन सोडून जातात, पण घरे सहसा सोडून जात नाहीत.

"सर, एक गंमत सांगायची हाय," त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "आमचं अजगर व्यालंय! वीस-पंचवीस पिल्लं हाईत, आणि अजून यायलेत."

हकिकत अशी होती. पाच दिवसांपूर्वी गोठ्यामागच्या गवताच्या गंजीत त्याच्या वडिलांना एक जाडजूड, सुस्त साप सापडला. अंगावर ठिपक्यांची सुरेख नक्षी, हालचाल मंद. शेजारीपाजारी जमले आणि 'अजगराचं पिल्लू' असा एकमुखी निवाडा झाला. काठीने त्याला पोत्यात लोटले आणि पोते गोठ्यातील एका जुन्या पत्र्याच्या पिंपात रिकामे केले. वर फळी ठेवली, फळीवर दगड. नागपंचमी अडीच आठवड्यांवर आलेली. तोवर सांभाळू, पूजा करू आणि मग रानात सोडू, असा बेत होता. आजीने वाटीत दूधही ठेवले होते, आणि साप त्याला तोंड लावत नाही म्हणून तिला वाईट वाटत होते. गावातील मुले रोज सकाळी फळी सरकवून 'आमचं अजगर' पाहून जात.

मी पुन्हा खुर्चीत बसलो. अजगर व्यात नाही. अजगराची मादी अंडी घालते. जो साप पिल्लांना जन्म देत होता तो अजगर असूच शकत नव्हता, म्हणजे पाच दिवसांपूर्वीचे निदान चुकले होते. आपल्या भागात जाड अंगाचे, नक्षीदार आणि पिल्लांना जन्म देणारे साप प्रामुख्याने दोन: एक डुरक्या घोणस, जी संपूर्ण बिनविषारी आहे, आणि दुसरी खरी घोणस, जिचा समावेश भारतातील चार सर्वांत घातक सापांत होतो. दिसायला दोघींत इतके साम्य, की नावेही जवळजवळ सारखीच पडली आहेत.

"तो आवाज करतो का रे?"

"करतो की! कुकरची शिट्टी सुटल्यागत. थांबतच नाही."

"अंगावरची नक्षी कशी आहे? वेडीवाकडी की ओळीत?"

"ओळीत. साखळीगत. पाठीवर एक, आणि दोन्ही अंगांना एकेक."

निदान झाले. उरलेला एकच प्रश्न विचारताना माझा आवाज थोडा चढला असावा. "त्या पिंपाला कुठे भोक आहे का?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्याचा स्वर एकदम उतरला. "तळाला तोटी होती सर. ती काढलीय. भोक तसंच हाय. माझं बोट जाईल एवढं."

घोणशीचे नुकते जन्मलेले पिल्लू साधारण वीतभर लांब, जाडीला फार तर पेन्सिलीएवढे असते. विषग्रंथी आणि विषदंत जन्मतःच कार्यक्षम असतात. मी त्याला निक्षून सांगितले: पिंपाजवळ कोणीही जायचे नाही, भोक बुजवायलासुद्धा नाही. गुरे पलीकडच्या दाराने बाहेर काढा, ती काढताना पायांत बूट आणि हातांत विजेरी असू द्या. लहान मुलांना शेजारच्या घरी न्या. आज कोणी जमिनीवर झोपायचे नाही. मग मी वनखात्याच्या कर्मचाऱ्याला आणि आमच्या शहरातील एका अनुभवी सर्पमित्राला कळवले, आणि त्या सर्पमित्राला गाडीत घेऊन पावसातच निघालो.

वास्तविक मी जाण्याची गरज नव्हती. साप पकडणे हे माझे काम नव्हे. तरीही मी का गेलो, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. ते मी आजवर कुठे लिहिलेले नाही.

१९९४ साली मी निवासी डॉक्टर होतो. रुग्णालयाचे नाव महत्त्वाचे नाही, कारण चूक माझी होती. असेच पावसाळ्याचे दिवस. रात्री दहाच्या सुमारास एक शेतकरी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन आला. मुलाच्या पायाच्या अंगठ्याला साप चावला होता. वडिलांनी तो साप मारून प्लॅस्टिकच्या बाटलीतून आणला होता. वीतभर लांबीचा, ठिपकेदार. विभागात जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "हे तर अजगराचं पिल्लू." मी बाटली दिव्यापाशी धरून पाहिली आणि मान डोलावली. अंगठ्यावर दोन बारीक खुणा होत्या, सूज बेताची होती, मूल बोलत होते. जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि 'निरीक्षणाखाली' असा शेरा लिहून मी दुसऱ्या रुग्णाकडे वळलो.

पहाटे चार वाजता वॉर्डातील वयस्कर सिस्टर मला उठवायला आल्या. इंजेक्शनच्या जागेतून अजून रक्त झिरपत होते आणि मुलाच्या हिरड्या लाल दिसत होत्या. सिस्टरांनी मला न विचारता काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती मेजावर उभी करून ठेवली होती. वीस मिनिटांनी त्यांनी ती माझ्यासमोर आडवी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले. प्रतिविष तेव्हा सुरू झाले. सहा तास उशिराने. लघवी त्या दिवशी दुपारी थांबली. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर लहान मुलाचे रक्तशुद्धीकरण करण्याची सोय त्या काळी आमच्या आसपास नव्हती. चौथ्या दिवशी मोठ्या शहराकडे नेत असताना ते मूल वाटेतच गेले.

नंतर ती बाटली घेऊन मी प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी साप चिमट्याने उलटा केला आणि पोटाच्या खवल्यांवरील एक बारीकशी चीर दाखवली. "ही नाळेची खूण. जन्मून काही दिवसच झालेत. घोणस आहे." त्या वॉर्डात मी रोज पंधरा-वीस नवजात बालकांच्या बेंब्या तपासत होतो. ही एक बेंबी मी पाहिली नव्हती.

वेळेवर प्रतिविष मिळते तर ते मूल नक्की वाचले असते, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. घोणशीच्या दंशात सगळे वेळेवर करूनही काही रुग्ण हातून जातात. परंतु ते सहा तास माझ्या नावावर आहेत आणि राहतील. म्हणून फोनवर 'अजगर' हा शब्द ऐकताच मी गाडीची किल्ली हातात घेतली.

आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. वनखात्याचा कर्मचारी आमच्याआधीच येऊन थांबला होता. मंडळी शेजारच्या ओसरीवर अंग चोरून बसली होती. सर्पमित्राने आधी गोठ्याच्या उंबऱ्यापासून पिंपापर्यंतची जमीन इंच-इंच पाहिली, तोटीच्या भोकात लांब काठीने बोळा कोंबला आणि मग फळी सरकवली. मी विजेरी धरून मागे उभा होतो.

माझ्या व्यवसायात मी हजारो जन्म पाहिले आहेत. पण असा जन्म पाहिला नव्हता. तळाशी मादी सैल वेटोळे घालून पडली होती. शेपटीचा भाग किंचित वर उचलला जाई, अंगातून एक लाट सरके आणि पारदर्शक पातळ पिशवीत गुंडाळलेले एक पिल्लू बाहेर येई. क्षण-दोन क्षण ते निश्चल असे. मग आतून डोक्याची ढुशी बसे, पटल फाटे, आणि इवलेसे त्रिकोणी डोके बाहेर येऊन तोंड आ वासून पहिला श्वास घेई. कोणी पाठ चोळायची गरज नाही, की नळीने घसा साफ करायची. काही मिनिटांतच ते सरपटू लागे आणि काठीची सावली पडली तरी वेटोळे करून फुत्कारे. आमच्या अपगार गणनेत त्याला दहापैकी दहा गुण द्यावे लागले असते. प्रत्येकाच्या पाठीवर आईच्या पाठीवरची तीच साखळी, जणू बारीक अक्षरांत पुन्हा छापलेली. एक पिल्लू पत्र्यावर चढताना उलटे झाले, तेव्हा त्याच्या पोटावर मला ती चीर दिसली. या खेपेस मी ती न शोधता पाहिली.

सर्पमित्राने आधी मादीला आकड्याने उचलून पिशवीत घेतले आणि मग एकेक पिल्लू लांब चिमट्याने बरणीत ठेवले. पिंपात एकोणतीस पिल्ले होती आणि फलन न झालेल्या पिवळसर बलकाचे दोन गोळे. घोणशीला एका वेळी वीस ते चाळीस पिल्ले होणे ही नित्याची गोष्ट आहे. प्रश्न होता तो बाहेर गेलेल्यांचा. दोन पिल्ले त्याच रात्री गोठ्याच्या मोरीपाशी सापडली. एक मात्र उजाडल्यावर मिळाले, गोठ्याच्या कोपऱ्यात रचलेल्या शेणींच्या ढिगात. रोज सकाळी चुलीसाठी त्या ढिगातून शेणी काढून आणण्याचे काम घरातील धाकटीकडे होते.

हे कळल्यावर तिची आई मटकन खाली बसली. आजी मात्र स्थिर होती. ती मला म्हणाली, "डाक्टर, बरं केलंसा आलासा. नाहीतर तिनंच खाल्ली असती सगळी. सापीण आपलीच पिल्लं खाते."

ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. व्यालेली सापीण रिंगण करते, रिंगणात सापडलेली पिल्ले खाते आणि रिंगणाबाहेर पडतील तेवढीच वाचतात, असे मीही लहानपणी ऐकले होते. घोणशीचे असे वर्तन मात्र नाही. ती पिल्ले खात नाही, तशी सांभाळतही नाही. तिने सांभाळ केलेला असतो तो जन्माआधी. सहा महिन्यांहून अधिक काळ ती पिल्ले पोटात वागवते. उन्हाची ऊब हवी तेव्हा उन्हात आणि नको तेव्हा सावलीत स्वतःला नेऊन ती आतील पिल्लांचे तापमान राखते. अंडी उघड्यावर टाकून जाण्याऐवजी अंडीच अंगात घेऊन फिरणे, असा हा व्यवहार आहे. पाश्चात्त्य भाषांतील 'व्हायपर' हे नावसुद्धा 'जिवंत पिल्ले देणारा' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आले आहे. जन्म झाला की तिचे काम संपते. पिंपातील ती मादी पाच दिवस 'पाळली' गेली. तिला मात्र आपण पाळले गेल्याची वा आई झाल्याची दखल नसावी.

याउलट, आमच्या मंडळींनी जिच्यावर नाव लावले ती अजगराची मादी खरीखुरी जपणारी आहे. ती अंड्यांभोवती वेटोळे घालून दोन-दोन महिने बसते आणि सहसा अन्नाला शिवत नाही. थंडी वाढली तर अंगाचे स्नायू सतत आकुंचित करून उष्णता निर्माण करते, म्हणजे चक्क कुडकुडून अंडी उबवते. शीतरक्ताचा मानलेला प्राणी हे करू शकतो, हे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील एका अजगरावर मोजमापे घेऊन १९६६ साली दाखवून देण्यात आले. दक्षिण आफ्रिकेतील अजगरावरचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले काम त्याहून पुढे जाते. तेथील मादी पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावरही सुमारे दोन आठवडे त्यांच्यापाशी राहते. दिवसा बिळाबाहेर उन्हात अंग तापवते आणि रात्री पिल्लांना वेटोळ्यात घेऊन ती ऊब देते. कमी वजनाच्या नवजात बालकांसाठी आपण 'कांगारू मातासंगोपन' म्हणून जे शिकवतो, त्याच्याशी याचे नाते सांगायचा मोह होतो. अमेरिकेतील रॅटलस्नेक ही घोणशीच्याच कुळातील. तिच्या काही जातींतील माद्या पिल्लांची पहिली कात पडेपर्यंत त्यांच्याजवळ थांबतात. आणि आपल्या सह्याद्रीतील नागराजाची मादी तर पालापाचोळा अंगाने ओढून आणून अंड्यांसाठी घरटे रचते आणि त्यावर पहारा देते. घरटे बांधणारा जगातील हा एकमेव साप. पश्चिम घाटातील या नागराजाला २०२४ साली स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. सर्पकुळात आईपणाच्या इतक्या पायऱ्या आहेत, आणि त्या प्रत्येक पायरीवर वंश टिकून आहे.

मुलाचा प्रश्न वेगळाच होता. "सर, पिंपात ती एकटीच होती. नर नव्हताच. मग पिल्लं कशी झाली?" या सापाबाबत उत्तर सरळ होते: गंजीत सापडली तेव्हाच ती पूर्ण दिवसांची गाभण होती, म्हणूनच जाड आणि सुस्त होती. पण प्रश्न काही अगदीच अडाणीपणाचा नव्हता. अनेक सापांच्या माद्या नराचे शुक्राणू शरीरात दीर्घकाळ साठवून ठेवू शकतात. काहींना तर नराची गरजच पडत नाही. इंग्लंडमधील पोर्ट्समथ शहराच्या एका महाविद्यालयात 'रोनाल्डो' नावाचा ब्राझिलियन रेनबो बोआ जातीचा साप पाळलेला होता. नावाप्रमाणे त्याला नर समजले जात होते आणि नऊ वर्षे तो दुसऱ्या कोणत्याही सापाच्या संपर्कात आलेला नव्हता. जून २०२४ मध्ये त्याने चौदा पिल्लांना जन्म दिला. यास अनिषेकजनन म्हणतात. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या अंगणातील कुंड्यांच्या मातीत, मोरीच्या कडेला, गांडुळासारखा दिसणारा वाळा नावाचा निरुपद्रवी साप असतो. वाळ्याच्या सर्वच्या सर्व माद्या असतात आणि नराविना त्यांची पिढी पुढे चालते. सस्तन प्राण्यांत हे घडत नाही, कारण काही जनुके आईकडून आली की वडिलांकडून, यावर त्यांचे काम ठरते आणि निकोप वाढीसाठी दोन्हींची साथ लागते. प्रेडर-विली आणि अँजेलमन ही लक्षणसमूहांची जोडी आपल्याला हाच धडा शिकवते.

घोणशीचे आणि आपल्या शास्त्राचे नाते केवळ वैराचे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. तिचे शास्त्रीय नाव ज्यांच्यावरून पडले ते पॅट्रिक रसेल स्वतः वैद्य होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असताना त्यांनी दक्षिणेतील सापांचा अभ्यास केला आणि १७९६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९३४ साली मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी याच सापाचे अतिसौम्य केलेले विष रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरता येईल, असे 'लॅन्सेट'मध्ये मांडले. जे विष मोठ्या मात्रेत रक्तातील गोठणघटक संपवून टाकते, तेच थेंबाच्या अंशाने हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त गोठवू शकते. आजही ज्या स्त्रियांचे गर्भ वारंवार पडतात त्यांच्या रक्तात ल्यूपस अँटिकोॲग्युलंट आहे का, हे पाहण्यासाठी जी चाचणी करतात ती सौम्य केलेल्या घोणशीच्या विषावरच आधारलेली आहे. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रांच्या चाचणीच्या चिठ्ठीवर हे नाव अनेकदा असते. ते घोणशीचे आहे, हे वाचताना सहसा ध्यानात येत नाही. तीस-तीस पिल्लांना सुखरूप जन्म देणाऱ्या सापाचे विष, ज्या मातेची ओटी पुन्हा पुन्हा रिकामी होते तिच्या कामी यावे, याला योगायोगच म्हणायचे.

परंतु एवढ्या कौतुकाने माझे सांगणे संपत नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील एक चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती आणि जवळजवळ निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांतील होते. विषबाधा करणाऱ्या सापांत घोणशीचा वाटा सर्वांत मोठा. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद शासनाला कळवणे बंधनकारक केले, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याची कृतियोजना जाहीर केली. कागद आता तयार आहेत. उरते ते आपल्या खोलीतील काम.

त्या कामासंबंधी, विशेषतः तरुण सहकाऱ्यांसाठी, चार गोष्टी लिहितो. पहिली: बाटलीतील सापावरून नव्हे, तर रुग्णावरून उपचार ठरवा. साप लहान असणे म्हणजे दंश लहान असणे नव्हे. दुसरी: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्या, वीस मिनिटे न हलवता ठेवा, मग आडवे करा. नळी साबणाने धुतलेली नको, प्लॅस्टिकची तर नकोच. रक्त वाहिले तर प्रतिविषाला उशीर करू नका, आणि पहिल्यांदा गोठले तरी समाधान न मानता चाचणी पुन्हा पुन्हा करा. तिसरी: मूल लहान म्हणून प्रतिविष कमी देऊ नका. सापाने विष सोडताना मुलाचे वजन केलेले नसते. सुरुवातीच्या आठ ते दहा कुप्या प्रौढाइतक्याच द्यायच्या. बदलायचे ते सोबतच्या सलाईनचे प्रमाण. चौथी: घरच्यांना सांगा, की दोरीने आवळू नका, जखम कापू नका, साप मारत बसू नका. दंश झालेला भाग स्थिर ठेवा आणि थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.

त्या घोणशीला आणि तिच्या बत्तीस पिल्लांना वनखात्याने वस्तीपासून दूर माळरानात सोडले. वन्य साप घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा असल्याची समज कुटुंबाला देण्यात आली. 'अजगर' समजून केलेली गोष्ट म्हणून प्रकरण तेथेच मिटले. पुढे कळले, की त्या घरी शेणी आता आजी स्वतः काठीने सरकवून काढते, आणि पिंपाला तोटी बसली आहे.

ऑगस्टमध्ये धाकटी नेहमीप्रमाणे दम्याच्या तपासणीसाठी आली. छाती तपासताना तिने मला विचारले, "डाक्टर काका, त्या पिल्लांना आई नाही, तर त्यांना शिकवतं कोण?" मी म्हणालो, "त्यांना सगळं येतच असतं." ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मला तर काहीच येत नव्हतं." तिची आई हसली आणि तिच्या झग्याची गुंडी लावू लागली.

घोणशीचे पिल्लू सर्व विद्यांसह जन्मते आणि म्हणून त्याला कोणाची गरज नसते. आपले मूल काहीही न येता जन्मते. शेणींच्या ढिगात हात घालू नये, हेसुद्धा कोणीतरी त्याला सांगावे लागते. ते सांगणाऱ्यांत आई असते, आजी असते, आणि आपणही असतो. माझ्या टेबलाच्या खणात गेली अनेक वर्षे एक कोरडी काचेची नळी ठेवलेली असते. दर पावसाळ्याच्या तोंडावर मी ती बदलतो.